यूएसएस जॉन्स्टन आणि सामारची सकाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या आरमारी लढायांचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा पर्ल हार्बर आणि मिडवेवर येऊन थांबतात. फार तर कुणी ‘बिस्मार्क’चं नाव काढतो. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्समधल्या सामार बेटाजवळ जे घडलं, ते बऱ्याच जणांच्या कानावरही आलेलं नसतं. त्या सकाळी बुडालेल्या ‘जॉन्स्टन’ या अमेरिकी विनाशिकेबद्दल (डिस्ट्रॉयरबद्दल) वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जॉन्स्टन नेमकी कोणती बोट?

अमेरिकी नौदलाची फ्लेचर वर्गातली विनाशिका, क्रमांक डीडी-५५७. मे १९४२ मध्ये सिॲटलच्या गोदीत तिचं काम सुरू झालं, मार्च १९४३ मध्ये ती पाण्यात उतरली आणि २७ ऑक्टोबर १९४३ रोजी नौदलात दाखल झाली. ती बुडाली तेव्हा वर्ष पुरं व्हायला दोन दिवस बाकी होते. नाव दिलं होतं अमेरिकी यादवी युद्धातल्या लेफ्टनंट जॉन जॉन्स्टन यांचं.

विनाशिका म्हणजे केवढी असते? क्रूझर आणि बॅटलशिपपेक्षा लहान की मोठी?

पुष्कळच लहान. नाव भयंकर असल्यामुळे हा गैरसमज होतो. फ्लेचर वर्गातली बोट सुमारे ११५ मीटर लांब आणि २,१०० टनांची. पाच इंची पाच तोफा, पाणतीर (टॉर्पेडो) सोडायच्या दहा नळ्या, विमानविरोधी तोफा आणि पाणबुड्यांसाठी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब, एवढा तिचा शस्त्रसाठा. वेग मात्र ३५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या पुढे. चिलखत जवळपास नाहीच. नौसैनिक स्वतःच या बोटींना पत्र्याचे डबे म्हणत. पुढे जिच्याशी गाठ पडली ती ‘यामातो’ ही जपानी बॅटलशिप सुमारे ६५,००० टनांची होती, म्हणजे तिशीहून अधिक जॉन्स्टन एकत्र केल्या तर तिच्या वजनाला पुरतील. तिच्या मुख्य तोफांचा व्यास होता ४६ सेंटिमीटर. इतक्या मोठ्या तोफा दुसऱ्या कुठल्याही लढाऊ जहाजावर कधी बसल्या नाहीत, अपवाद तिचं भावंड ‘मुसाशी’.

एका गोष्टीत मात्र जॉन्स्टन सरस होती. तिच्या तोफांना रडारची आणि बोटीच्या पोटात बसवलेल्या यांत्रिक गणकयंत्राची जोड होती. आपली बोट कितीही वळो, शत्रू कितीही हलो, ते यंत्र नेम धरून ठेवायचं. जपानी तोफांची भिस्त मुख्यतः दुर्बिणींवर होती. धूर आणि पाऊस आला की हा फरक जिवावरचा ठरायचा, आणि त्या सकाळी दोन्ही भरपूर होतं.

कॅप्टन कोण होता?

कमांडर अर्नेस्ट इव्हान्स. जन्म १९०८, ओक्लाहोमातलं पॉनी गाव, चेरोकी वंशाचा. साधा नौसैनिक म्हणून भरती झाला, तिथून परीक्षा देऊन नौदल अकादमीत गेला आणि १९३१ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडला. त्या काळच्या अमेरिकेत मूलनिवासी पोरासाठी ही वाट किती अरुंद होती, हे वेगळं सांगायला नको.

१९४२ च्या सुरुवातीला तो ‘ऑल्डन’ या जुन्या विनाशिकेवर होता. जावा समुद्रात जपान्यांनी दोस्तांच्या आरमाराची धूळधाण उडवली, ‘ऑल्डन’ला तिथून निघून जावं लागलं. पुढे जॉन्स्टन नौदलात दाखल झाली त्या दिवशी त्याने खलाशांना सांगितलं की ही लढणारी बोट असेल, मी हिला संकटाच्या तोंडी नेणार आहे, ज्याला यायचं नसेल त्याने आत्ताच उतरावं. जावा समुद्राचा सल त्यामागे होता असं लिहिलं जातं. मला ते पटतं, पण माणसाच्या मनात काय होतं ते कागदावर सापडत नाही.

सामारच्या आधी तिने काही केलं होतं की नाही?

केलं होतं, आणि तेच बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. १९४४ च्या फेब्रुवारीत मार्शल बेटांमध्ये क्वाजालीन आणि एनिवेटोकच्या किनाऱ्यांवर तिने भडिमार केला. मे महिन्यात सॉलोमन बेटांजवळ ‘हॅगार्ड’ आणि ‘फ्रँक्स’ या विनाशिकांबरोबर तिने ‘आय-१७६’ ही जपानी पाणबुडी बुडवली. जुलैत ग्वाम बेट परत घेताना तिच्या तोफांनी चार हजारांवर गोळे झाडले. त्यानंतर पेलेलियू, आणि मग लेइटे.

या रुक्ष वाटणाऱ्या महिन्यांमुळेच पुढचं शक्य झालं. जहाजावरची एकेक तोफ शेकडो वेळा भरली-झाडली गेली होती. वीज गेल्यावर तोफ हाताने कशी फिरवायची, हेही खलाशांच्या अंगवळणी पडलं होतं.

एवढं मोठं जपानी आरमार कुणाला न कळता सामारजवळ पोचलंच कसं?

ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकी फौजा लेइटे बेटावर उतरल्या होत्या. त्यांना समुद्रातून चेचायचं म्हणून जपानने आपलं उरलंसुरलं आरमार वेगवेगळ्या दिशांनी पाठवलं. मधल्या ताफ्याचा प्रमुख होता व्हाइस ॲडमिरल ताकेओ कुरिता. २४ तारखेला सिबुयान समुद्रात अमेरिकी विमानांनी या ताफ्यावर दिवसभर हल्ले केले, ‘मुसाशी’ बुडवली, आणि कुरिता माघारी वळलेला दिसला. उत्तरेकडच्या बलाढ्य अमेरिकी ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल हाल्सी यांना वाटलं, याचं काम आटोपलं. उत्तरेला ॲडमिरल ओझावाच्या जपानी विमानवाहू नौका दिसल्या होत्या, त्यांच्या मागे ते आपला सगळा ताफा घेऊन गेले. त्या नौकांवर विमानं जेमतेम होती; त्या आमिष म्हणूनच पाठवल्या होत्या.

कुरिता अंधार पडल्यावर पुन्हा वळला आणि सान बर्नार्डिनो सामुद्रधुनीतून रात्री बाहेर पडला. तिथे पहाऱ्याला एकही अमेरिकी बोट नव्हती. दक्षिणेकडच्या अमेरिकी ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल किंकेड यांना वाटत होतं की हाल्सींनी तिथे बॅटलशिप ठेवल्या आहेत. हाल्सी आणि किंकेड यांचे वरिष्ठ वेगवेगळे, निरोपांचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. हाल्सींची चूक किती आणि व्यवस्थेची किती, यावर अजून भांडणं होतात. माझं मत विचाराल तर चूक दोघांचीही, पण त्याची किंमत भलत्याच लोकांनी मोजली.

‘टॅफी ३’ म्हणजे काय?

जॉन्स्टन ज्या अमेरिकी तुकडीत होती, तिचं रेडिओवरचं नाव. रिअर ॲडमिरल क्लिफ्टन स्प्रेग यांच्या हाताखाली सहा छोट्या विमानवाहू नौका होत्या: ‘फॅन्शॉ बे’, ‘सेंट लो’, ‘व्हाइट प्लेन्स’, ‘कलिनिन बे’, ‘किटकुन बे’ आणि ‘गॅम्बियर बे’. राखणीला तीन विनाशिका (‘जॉन्स्टन’, ‘होएल’, ‘हीरमन’) आणि त्यांच्याहून लहान चार एस्कॉर्ट नौका. या विमानवाहू नौका घाऊक पद्धतीने झटपट बांधलेल्या, वेग जेमतेम १८-१९ नॉट, प्रत्येकीवर पाच इंची एकच तोफ. त्यांचं काम किनाऱ्यावरच्या सैनिकांना विमानांची मदत देणं आणि पाणबुड्या हुडकणं. जहाजांशी लढणं त्यांच्या कामात कुठेच बसत नव्हतं.

समोर आले चार बॅटलशिप (‘यामातो’, ‘नागातो’, ‘कोंगो’, ‘हारुना’), सहा जड क्रूझर, दोन हलक्या क्रूझर आणि अकरा विनाशिका.

पहिला हल्ला इव्हान्सने हुकुमाशिवाय केला, हे खरं आहे का?

हो. सातला काही मिनिटं कमी असताना ‘यामातो’ने तीस किलोमीटरहून जास्त अंतरावरून गोळे टाकायला सुरुवात केली. गोळ्यांमध्ये रंग भरलेला असायचा, कुठला गोळा कुणाचा हे ओळखू यावं म्हणून. त्यामुळे विमानवाहू नौकांभोवती लाल, हिरवे, पिवळे पाण्याचे खांब उठत होते. जॉन्स्टन शत्रूच्या सर्वांत जवळ होती. ती नागमोडी वळत धुराचा पडदा सोडू लागली, आणि मग इव्हान्सने कुणाच्याही आदेशाची वाट न बघता बोट थेट जपानी ताफ्याकडे वळवली.

तिच्या तोफांचा पल्ला साडेसोळा किलोमीटरच्या आसपास. तिथवर पोचेपर्यंत नुसतं मार चुकवत पळायचं, उत्तर देता येत नाही. पल्ल्यात आल्यावर तिने आघाडीच्या ‘कुमानो’ या जड क्रूझरवर पाच मिनिटांत दोनशेवर गोळे झाडले. सुमारे नऊ किलोमीटरवर पोचल्यावर दहाही पाणतीर सोडले आणि धुरात शिरली. त्यातल्या एका पाणतीराने ‘कुमानो’चं पुढचं टोक उडवलं.

इथे जरा थांबून हिशोब बघा. ‘कुमानो’ ही त्या क्रूझर पथकाची ध्वजनौका. ती लंगडल्यावर पथकाचे प्रमुख ॲडमिरल शिराइशी ‘सुझुया’ या क्रूझरवर गेले, म्हणजे तिलाही थांबावं लागलं. विमानांच्या बाँबमुळे तीही आधीच जायबंदी झाली होती. एका विनाशिकेच्या हल्ल्यानंतर दोन जड क्रूझर पाठलागातून बाद झाल्या. स्प्रेगच्या नौका तेवढ्यात एका पावसाच्या सरीत घुसल्या.

जॉन्स्टनवर पडलेले मोठे गोळे ‘कोंगो’चे होते की ‘यामातो’चे?

साडेसातच्या सुमारास तिला आधी तीन मोठे आणि लगोलग तीन मध्यम गोळे लागले. वाचलेल्यांना वाटलं ते १४ इंची, म्हणजे ‘कोंगो’ वर्गातल्या बॅटलशिपचे. जुन्या पुस्तकांत तेच आहे. अलीकडच्या काही अभ्यासकांनी दोन्हीकडची वेळ, अंतर आणि दिशा पडताळून ते ‘यामातो’चे असल्याचं मांडलं आहे, आणि मला त्यांची मांडणी जास्त पटते.

तोफ कुणाचीही असो, परिणाम भयानक होता. एका बाजूचं इंजिन गेलं, वेग १७ नॉटवर आला, सुकाणूची वीज गेली, मागच्या तीन तोफांची वीज गेली. ब्रिजवर, म्हणजे कप्तान जिथून बोट चालवतो तिथे, बरीच माणसं मेली. इव्हान्सच्या डाव्या हाताची दोन बोटं तुटली, अंगावरचा शर्ट जळून गेला. तो नंतर बोटीच्या पिछाडीला जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडून हुकूम देऊ लागला. खाली खलाशी हातांनी सुकाणू फिरवत होते.

बोट तेव्हाच दोन तुकडे होऊन बुडायला हवी होती. ती तगली यामागचं एक कारण विचित्र आहे. जपानी गोळे जाड चिलखत फोडायला बनवलेले होते. पातळ पत्र्यातून ते कधीकधी न फुटताच आरपार जात.

पाणतीर संपले होते, बोट अर्धमेली होती. मग ती परत का गेली?

माझ्या मते सगळ्यांत कठीण निर्णय हाच होता, पहिला हल्ला नव्हे. पावणेआठनंतर स्प्रेगने बाकीच्या राखणदार नौकांना पाणतीरांचा हल्ला करायला सांगितलं. ‘होएल’, ‘हीरमन’ आणि ‘सॅम्युअल बी. रॉबर्ट्स’ ही एस्कॉर्ट नौका निघाल्या. इव्हान्सकडे सोडायला पाणतीर नव्हते. त्याने ठरवलं की आपण त्यांच्या मागे जाऊन तोफांनी आधार द्यायचा. धुरात ‘हीरमन’शी टक्कर होता होता राहिली. सव्वाआठच्या पुढे धुरातून अचानक एक बॅटलशिप समोर आली, अंतर सहा-सात किलोमीटर. जॉन्स्टनने तिच्यावर तीसेक गोळे टाकले आणि पुन्हा धुरात गेली. पाच इंची गोळ्याने बॅटलशिप बुडत नाही, हे तोफा चालवणाऱ्यांना ठाऊक होतं. पण वरच्या मजल्यावरची माणसं, दुर्बिणी, अँटेना यांना तो पुरतो.

मग ‘गॅम्बियर बे’वर एक क्रूझर तुटून पडलेली दिसली. तिचं लक्ष आपल्याकडे वळावं म्हणून जॉन्स्टनने तिच्यावर मारा सुरू केला. क्रूझरने दाद दिली नाही. ‘गॅम्बियर बे’ नऊनंतर थोड्याच वेळात बुडाली.

त्याच सुमारास ‘याहागी’ ही हलकी क्रूझर चार विनाशिका घेऊन उरलेल्या विमानवाहू नौकांवर पाणतीर सोडायला येत होती. जॉन्स्टन एकटी त्यांच्या वाटेत गेली. आधी ‘याहागी’वर, मग पुढच्या विनाशिकेवर गोळे टाकले. ती तुकडी वळली आणि तिने लांबूनच, मागून, पाणतीर सोडून दिले. एकही लागला नाही.

शेवट कसा झाला?

आता ती तुकडी आणि इतर जहाजं जॉन्स्टनला घेरून मारा करत होती. ९ वाजून ४० मिनिटांनी शेवटचं इंजिन गेलं आणि बोट जागच्या जागी थांबली. पाच मिनिटांनी इव्हान्सने बोट सोडायचा हुकूम दिला. १० वाजून १० मिनिटांनी ती उलटून बुडाली. ‘होएल’ त्याआधीच गेली होती, ‘रॉबर्ट्स’ पाच मिनिटं आधी.

जपानी कप्तानाने पाण्यातल्या खलाशांना सलाम केला, ही दंतकथा आहे का?

वाचलेल्यांपैकी अनेकांनी हे सांगितलं आहे: एक जपानी विनाशिका अगदी जवळून गेली, पोहणाऱ्यांवर गोळीबार झाला नाही, आणि ब्रिजवरचा अधिकारी बुडणाऱ्या जॉन्स्टनकडे बघून सलाम ठोकत होता. ती विनाशिका ‘युकिकाझे’ असल्याचं मानतात. मी याला दंतकथा म्हणणार नाही.

मग कुरिता जिंकत असताना परत का फिरला?

९ वाजून ११ मिनिटांनी त्याने विखुरलेल्या जहाजांना उत्तरेकडे एकत्र यायला सांगितलं. दुपारी त्याने लेइटेच्या आखातात शिरायचा बेतच सोडला. त्याची अवस्थाही लक्षात घ्या: दोन दिवसांपूर्वी त्याची ध्वजनौका ‘आतागो’ पाणबुडीने बुडवली होती, त्याला समुद्रातून उचलून काढावं लागलं होतं, झोप नव्हती. समोरच्या चिमुकल्या नौका त्याला हाल्सीच्या मोठ्या विमानवाहू नौका वाटल्या. सुरुवातीलाच ‘सगळ्यांनी आपापला हल्ला करा’ असा हुकूम दिल्याने त्याचा ताफा पांगला होता. पाणतीर चुकवताना ‘यामातो’ काही काळ भलत्याच दिशेला गेली, त्यामुळे पुढे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं.

विमानांचं श्रेय इथे हमखास विसरलं जातं. ‘टॅफी ३’ आणि शेजारच्या ‘टॅफी २’च्या वैमानिकांकडे जहाजांवर वापरायचे बाँब पुरेसे नव्हते. तरी ते हल्ले करत राहिले. दारूगोळा संपल्यावर नुसत्याच रिकाम्या झेपा घेत होते, जहाजाने वळावं म्हणून. ‘चिकुमा’, ‘चोकाई’ आणि ‘सुझुया’ या तीन जड क्रूझर जपानने त्या दिवशी गमावल्या, त्या मुख्यतः विमानांमुळे. सामारची लढाई एकट्या जॉन्स्टनने फिरवली असं सांगणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही.

किती माणसं गेली?

बोटीवर ३२७ जण होते, १४१ वाचले. आता गेलेल्या १८६ जणांचं काय झालं ते पाहा. सुमारे पन्नास जण लढाईत मेले. ४५ जण तराफ्यांवर जखमांनी मेले. इव्हान्ससह ९२ जण बोट बुडाली तेव्हा पाण्यात जिवंत होते, पुढे ते कुणालाच सापडले नाहीत. म्हणजे शत्रूच्या गोळ्यांनी मारले त्याच्या दुपटीहून जास्त माणसं नंतर गेली.

एवढी माणसं पाण्यात होती, तर मदत का आली नाही?

जॉन्स्टनच्या कहाणीतला हा भाग शौर्यकथांमध्ये घाईने उरकला जातो. विमानवाहू नौकांचा पाठलाग सकाळी साडेनऊच्या सुमारास थांबला, पण उरलेल्या नौकांवर दुपारपर्यंत आत्मघाती विमानांचे हल्ले होत होते. ‘सेंट लो’ त्यातच बुडाली. स्प्रेगकडे मागे वळून शोध घ्यायला बोटी नव्हत्या. विमानांनी माणसं पाहिली, पण शोधपथकांना जी जागा कळवली गेली ती चुकीची होती. शोधायला निघालेल्या बोटी रिकामा समुद्र चाळत राहिल्या. वाचलेल्यांना २७ ऑक्टोबरला, जवळपास पन्नास तासांनी, छोट्या गस्ती बोटींनी आणि सैन्य उतरवायच्या बोटींनी उचललं. तोवर ऊन, खारं पाणी, अंगाला चिकटलेलं तेल, तहानेने भ्रमिष्ट होऊन तराफा सोडणारे सोबती आणि शार्क.

हा आत्मघातच नव्हता का?

शब्द चुकीचा आहे. आत्मघाती विमानाचा वैमानिक परतायचं नाही असं ठरवून निघतो. इव्हान्स मात्र धूर, पाऊस, वेग आणि नेमयंत्र या सगळ्यांचा उपयोग करून प्रत्येक वेळी मारून परत धुरात जात होता. त्याला वेळ विकत घ्यायचा होता, आणि सहापैकी पाच विमानवाहू नौका त्या तोफांच्या लढाईतून वाचल्या.

सन्मान कोणते मिळाले?

इव्हान्सला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान. नौदलातल्या मूलनिवासी अमेरिकनांपैकी तो मिळवणारा तो पहिला. संपूर्ण तुकडीला राष्ट्राध्यक्षांचं मानपत्र. जॉन्स्टनला सहा बॅटल स्टार, म्हणजे लढायांमधल्या सहभागाची मानचिन्हं. २०२३ मध्ये एका नव्या विनाशिकेला इव्हान्सचं नाव देण्याचं जाहीर झालं.

आयएनएस खुकरीशी तिची तुलना करतात, ती बरोबर आहे का?

अर्धवट. ‘खुकरी’ ही फ्रिगेट होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने तिला पाणतीराने बुडवलं. ती काही मिनिटांतच गेली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. इव्हान्सने बोट सोडली होती. मुल्लांना दिसत नसलेल्या शत्रूशी गाठ होती, इव्हान्सला सगळा शत्रू समोर दिसत होता. दोन कप्तानांची नावं एका वाक्यात घ्यायला हरकत नाही, लढाया मात्र वेगळ्या आहेत.

तिचे अवशेष सापडले का?

हो. २०१९ मध्ये ‘पेट्रेल’ या शोधनौकेला फिलिपाइन्सजवळच्या खोल समुद्रात तुकडे सापडले, पण बोटीचा मुख्य भाग तिच्या यंत्राच्या आवाक्याखाली होता. मार्च २०२१ मध्ये खोल समुद्राचे शोधप्रवासी व्हिक्टर व्हेस्कोव्हो हे ‘लिमिटिंग फॅक्टर’ या पाणबुडीतून ६,४५६ मीटर खाली गेले. बोटीचा पुढचा दोनतृतीयांश भाग तळावर सरळ उभा होता आणि ५५७ हा आकडा स्पष्ट वाचता येत होता. तेव्हा ते ओळख पटलेलं जगातलं सर्वांत खोल जहाज ठरलं. पुढच्याच वर्षी त्याच माणसाला ‘सॅम्युअल बी. रॉबर्ट्स’ ६,८९५ मीटरवर सापडली. तिथून काहीही वर आणलं नाही. अमेरिकी नौदल अशा जागांना कबरस्तान मानतं.

तशीच बोट प्रत्यक्ष बघता येईल का?

फ्लेचर वर्गातल्या १७५ बोटी बांधल्या गेल्या, त्यातल्या चार संग्रहालय म्हणून उरल्या आहेत. अमेरिकेत तीन: लुइझियानात बॅटन रूजची ‘किड’, न्यूयॉर्क राज्यात बफेलोची ‘द सलिव्हन्स’ आणि बॉस्टनची ‘कॅसिन यंग’. चौथी ग्रीसमधली ‘व्हेलोस’. युद्धकाळातलं रूप सर्वांत जास्त राखलं आहे ते ‘किड’ने. आपल्याकडचे पुष्कळ जण नातेवाईकांकडे बॉस्टनला जातात, त्यांना ‘कॅसिन यंग’ सोयीची. ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही जुनी शिडाची युद्धनौका तिथे शेजारीच आहे. या बोटी जुन्या आहेत, दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात, तेव्हा निघण्याआधी संग्रहालयाच्या वेळा तपासून घ्या. आत गेल्यावर पिछाडीच्या सुकाणूखोलीत उतरू देतात का ते विचारा.